खिशाला अडकवलेला

लिअँडर पाइक दिवा घ्यायचा नाही, दिवे घ्यायचा.
दुकानाच्या गल्ल्याशेजारी बादली असते,
तीत हात घालून मूठभर.
दहा डॉलरला तीन.
"बटाटेसुद्धा महाग आहेत याच्याहून," म्हणायचा
आणि सुट्टे पैसे मोजून घ्यायचा.

जाड पेनाएवढा. पाठीला क्लिप, बुडाला चुंबक,
रबराचं बटण, जानेवारीत दगड होणारं.
पाकिटावर छापलेलं, पडला तरी फुटत नाही.
पडला की फुटायचा.

सेंट जॉन्सच्या उतारावरची लाकडी घरं
रस्त्यावरून बघणाऱ्याला पिवळी, जांभळी, टोमॅटोसारखी लाल.
आम्हाला ती खालून माहीत.
खाली सगळ्यांचा रंग एकच.
स्वयंपाकघरातली सतरंजी उचलायची, फळीची झडप,
मग पोटावर सरपटत जायचं,
आणि टोकाला, खडकाला पाठ लावून,
विझलेली भट्टी.
डोक्यावर कुणीतरी कोटावर कोट घालून येरझाऱ्या घालतंय.

पहिल्या दिवशी मी बापाची टॉर्च नेली होती,
बोटीवरची, चार सेलची, अभिमानाची.
"एक हात टॉर्चला, एक पान्याला,
बर्नर काय दातात धरणार आहेस, रोझॅन?"
स्वतःच्या खिशाचा काढून
त्यानं माझ्या खिशाला अडकवला.
क्लिप अजून त्याच्या अंगाची गरम होती.

दिव्याखाली अंधार, असं म्हणतात.
याचं उलटं.
खाली लख्ख: नॉझल, काजळी, तेलाचा थेंब, माझी चावलेली नखं.
अंधार वर,
जिथे शिकवणाऱ्याचा चेहरा असायला हवा तिथे.
चार हिवाळे मी एका हनुवटीकडून शिकले.
ती हलायची, थांबायची,
चूक झाली की नुसती थांबायची.

आणि विसरायचा.
चुंबकानं पत्र्याला चिकटवायचा, काम करायचा,
ज्योत धरली की असा हरखायचा
की पाना, चिंध्या, मला, सगळ्यांना गोळा करून वर यायचा,
दिवा तिथंच.
उरलेले खिशातून धुण्यात जायचे.
फिलोमीना सांगते, एकदा मशीनच्या काचेआड
शर्टांमधून गरगरताना दिसला, पेटलेला.
"खुर्ची ओढून बसले. शेवटपर्यंत पाहिलं.
टीव्हीवर तरी काय असतं?"

आता त्याचे गुडघे खाली येत नाहीत.
तो वर बसतो, गिऱ्हाइकाचा चहा पितो,
आणि काठीनं जमीन ठोकून मला प्रश्न विचारतो.
आज मिसेस क्विंटनच्या घरी
भट्टीच्या मागच्या बाजूला हात घातला
तर बोटाला लागला.
काजळीनं माखलेला, उभा, चुंबकावर इमानदार.
कधीचा, कोण जाणे. आठ वर्षं? अकरा?

बटण दाबलं. अर्थातच नाही.
झाकण फिरवलं तर आत सेल फुगलेले,
हिरवट पांढरी खपली, समुद्राकाठच्या खिळ्यांवर येते तशी.
स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडली.
माझ्या दिव्यातले तीन सेल काढून त्यात घातले.
त्यासाठी आधी माझा विझवावा लागला,
आणि तेवढ्यात कळलं
डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये म्हणजे काय.

वरून ठोका.
"पेटली का?"
तो भट्टीचं विचारत होता.
"थांब जरा," मी म्हटलं.
अंधारात झाकणाचे आटे जुळत नव्हते.
पुन्हा ठोका, पुन्हा,
फळ्यांमधून बारीक माती माझ्या मानेवर,
आणि मिसेस क्विंटन म्हणत होती,
अहो, हळू, माझे कप.

मग लागला.
मिणमिणता, जरा निळसर,
आणि त्याच्या पट्ट्यात ती माती
अजून खाली येतच होती, सावकाश,
प्रत्येक ठोक्यागणिक थोडी.
मी दिवा होता तिथं परत चिकटवला
आणि नॉझलकडे वळले.